भाड्याच्या जमिनीवरचे स्वतःचे घर

ऑगस्ट 2021 मध्ये माझे यजमान आणि मी लंडनच्या हॅरो भागातले 29 वर्षांचे राहते घर विकून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट काउंटीत, एका रेसिडेन्शियल पार्कमध्ये राहायला आलो. या पार्कमध्ये 42 घरे आहेत. सर्व घरे एकमजली आहेत आणि येथे राहणाऱ्याचे वय किमान 50 असले पाहिजे असा नियम आहे. आम्ही निघण्यापूर्वी 1932 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनच्या कार्यक्रमात काही स्नेह्यांना ही बातमी सांगितली, तेव्हा एका जुन्या मैत्रिणीने काळजीने विचारले, "म्हणजे तुम्ही आता कॅरॅव्हानमध्ये राहणार?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. अशा पार्कमधल्या घराला, म्हणजे पार्क होमला, भिंती, छप्पर, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, न्हाणीघर असे सर्व काही असले, तरी कायद्याच्या व्याख्येत ते कॅरॅव्हानच, म्हणजे हलवता येणारे घरच, असते. कारखान्यात जास्तीत जास्त दोन भागांत तयार करून, ट्रकवर लादून जागेवर आणून जोडलेले, आणि लांबी 20 मीटर व रुंदी 6.8 मीटर यांच्या आत बसणारे. ते आपल्या मालकीचे असते. ज्या तुकड्यावर ते उभे असते, ज्याला येथे पिच म्हणतात, तो मात्र पार्कच्या मालकाचा असतो आणि त्यासाठी दरमहा पिच फी द्यावी लागते.

या चार वर्षांत आमच्या वाट्याला आलेले सुख आणि आलेली काळजी, दोन्हींचे मूळ या एकाच गोष्टीत आहे. म्हणून कोणी पार्क होमचा विचार करत असेल तर त्याला आमचा सगळा प्रवास कागदपत्रांसकट माहीत असावा, असे मला मनापासून वाटते.

घर बदलण्याचे कारण साधे होते. यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर हॅरोच्या घरातला जिना दिवसातून दोनदा चढणे हीच परीक्षा होऊ लागली होती. मुलगी ब्रिस्टलला असते, म्हणून त्या दिशेला सरकायचे ठरले. डॉर्सेटमधले विटांचे बंगले आमच्या आवाक्याबाहेर होते, कारण घराच्या पैशातूनच पुढच्या वीस वर्षांची तरतूद करायची होती. तिथल्याच एका गावाच्या कडेला 2006 साली बांधलेले दोन भागांचे पार्क होम 1,65,000 पौंडांना विक्रीला होते. विकणाऱ्या बाई 84 वर्षांच्या होत्या आणि मुलाकडे राहायला जाणार होत्या. जमिनीची खरेदी नसल्यामुळे स्टॅम्प ड्युटी लागणार नव्हती, कौन्सिल टॅक्स, म्हणजे येथली घरपट्टी, सर्वांत खालच्या बँडची होती, परंतु बँकेचे नेहमीचे गृहकर्ज अशा घराला मिळत नाही, त्यामुळे सर्व रक्कम रोख हातात असणे आवश्यक होते.

मी मूळची गोव्याची, फोंडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होते आणि आम्ही त्याचे मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे, होतो. भिंती आमच्या वाडवडिलांनी उभ्या केलेल्या, पण पावसाळ्यापूर्वी छपराचे नळे बदलायचे असले तरी आई भाटकाराच्या दारात परवानगी मागायला उभी राहिलेली मी पाहिली आहे. 1975 साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला तेव्हा मी 19 वर्षांची होते. वडिलांनी मामलेदार कचेरीत घातलेल्या खेपा आणि ट्रंकेत जपलेले कागद मला अजून आठवतात. त्यामुळे घर आपले आणि जमीन दुसऱ्याची ही कल्पना ऐकून यांना जेवढे आश्चर्य वाटले तेवढे मला वाटले नाही. मला भीती वाटली. ती भीती होती म्हणूनच मी प्रत्येक कागद ओळ न् ओळ वाचला, आणि त्याचा पुढे उपयोग झाला.

इंग्लंडमध्ये पार्क होमधारकाला मुख्य आधार 1983 च्या मोबाइल होम्स ॲक्टचा आहे. मालकाला मनाला येईल तेव्हा आपल्याला काढता येत नाही. कराराचा भंग झाला, किंवा ते घर आपले मुख्य निवासस्थान राहिले नाही, किंवा घराची अवस्था पार्कला बाधक झाली, अशा मोजक्या कारणांसाठीच आणि तेही न्यायाधिकाऱ्यांसमोर जाऊनच करार संपवता येतो. 2013 च्या सुधारणांनी विक्रीची पद्धतही बदलली. त्यापूर्वी घर विकताना मालकाची संमती लागत असे आणि तिच्या आडून विक्री अडवली जाण्याच्या तक्रारी देशभर होत्या. मुंडकाराला निदान कायद्याने आपल्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. तसा हक्क येथे नाही, हा फरक मी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवला.

प्रत्यक्ष खरेदीची प्रक्रिया घर विकत घेण्यापेक्षा एखादी मोठी वस्तू विकत घेण्याच्या जवळची आहे. लँड रजिस्ट्रीत नोंद होत नाही आणि वकील घेणे सक्तीचे नाही. आम्ही तरीही पार्क होमची कामे करणारा वकील शोधला, आणि तो खर्च योग्य ठरला. विकणाऱ्याने ठरावीक नमुन्यातली माहिती, मूळ लेखी करार, पार्कचे नियम आणि पिच फीचा तपशील हे सर्व व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान 28 दिवस आधी खरेदीदाराच्या हातात द्यावे लागते. दोन्ही बाजूंनी लेखी मान्य केले तर ही मुदत कमी करता येते. विकणाऱ्या बाईंच्या मुलाला घाई होती आणि त्याने तशी विनंती केली. आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण 28 दिवस ही अडचण नसून खरेदीदाराला मिळालेली सवलत आहे असे वकिलाने समजावले होते. त्या दिवसांत तीन गोष्टी कळल्या. पिच फी महिना 210 पौंड आहे, तिचा आढावा दर 1 जानेवारीला होतो, आणि मालकाकडून प्रत्येकाला पुन्हा विकली जाणारी वीज मालकाने स्वतः भरलेल्या दरापेक्षा महाग देता येत नाही. शेवटची गोष्ट पार्कमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नव्हती.

सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे कमिशन. पार्क होम विकले गेले की विक्रीच्या किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम पार्कच्या मालकाला मिळते. व्यवहाराच्या दिवशी आम्ही त्या बाईंना 1,48,500 पौंड दिले, 16,500 पौंड मागे ठेवले, ठरलेल्या नमुन्यात मालकाला हस्तांतरणाची सूचना पाठवली आणि त्याच्याकडून खात्याचा तपशील आल्यावर ती रक्कम त्याला भरली. बाईंनी 15 वर्षे त्या घराची निगा राखली, नवे बॉयलर बसवले, बाग फुलवली, आणि त्यांच्या किमतीचा दहावा हिस्सा अशा माणसाकडे गेला ज्याने त्या घराला हातही लावला नव्हता. कायद्याने हे मान्य आहे आणि करारात लिहिलेले आहे, तरीही मला ते न्याय्य वाटत नाही, आणि आज आमच्याही घराच्या किमतीचा दहावा हिस्सा आमचा नाही हे मी विसरत नाही.

घराच्या तपासणीसाठी आम्ही पार्क होमची माहिती असलेला सर्व्हेअर बोलावला. विटांच्या घरात जसा पाया पाहतात, तसा येथे चासी पाहतात. घराच्या खालच्या बाजूने विटांचे स्कर्टिंग असते, त्यातली एक जाळी काढून तो टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेला आणि वीस मिनिटांनी अंगभर माती घेऊन बाहेर आला. लोखंडी चौकटीवर पृष्ठभागापुरता गंज होता, आधाराचे जॅक ठीक होते, परंतु न्हाणीघराखालची उष्णतारोधक चादर ओली होऊन लोंबत होती. त्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा न करता बाईंनीच काम करवून दिले. निवासी पार्क होमसाठी बीएस 3632 हे ब्रिटिश मानक आहे, आणि घर त्या मानकानुसार बांधलेले असणे ही पहिली अट ठेवावी असे सर्व्हेअरने सांगितले, कारण सुट्टीपुरते वापरायच्या कॅरॅव्हानमध्ये हिवाळा काढणे ही वेगळीच गोष्ट आहे.

राहायला आल्यावर पहिले काही महिने नियम समजून घेण्यात गेले. दोन घरांमध्ये 6 मीटर अंतर आगीच्या भीतीने ठेवलेले असते. म्हणून आम्ही हॅरोहून आणलेली लाकडी शेड तेथे उभी करता आली नाही, ती देऊन टाकावी लागली आणि पत्र्याची लहान शेड घ्यावी लागली. दारापुढच्या तीन पायऱ्यांच्या जागी यांच्यासाठी उतार करायचा होता, त्यासाठी मालकाला पत्र लिहून लेखी परवानगी मागितली. ते पत्र लिहिताना मला भाटकाराच्या दारात उभी असलेली आई आठवली आणि थोडा वेळ पेन खाली ठेवावे लागले. परवानगी मात्र आठवड्याभरात आली, आणि मी ती फाइलमध्ये लावली. तुळस कुंडीत आहे. ऑक्टोबर ते एप्रिल ती स्वयंपाकघराच्या खिडकीत असते.

माणसांच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान ठरलो. हॅरोमध्ये शेजाऱ्याशी महिनोन्‌महिने बोलणे होत नसे. येथे सकाळी नऊपर्यंत एखाद्या घराचे पडदे उघडले नाहीत तर कोणीतरी जाऊन दार वाजवते. ही पद्धत कुठे लिहिलेली नाही. समोरच्या घरातल्या 88 वर्षांच्या आजी एके दिवशी न्हाणीघरात पडल्या होत्या, आणि पडदा बंद दिसला म्हणूनच त्या साडेनऊला सापडल्या. फोडणीच्या वासाबद्दल मला संकोच होता, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या तीन घरांत पुरणपोळ्या नेऊन दिल्या आणि काही त्रास होत असेल तर सांगा असे म्हटले. शेजारच्या निवृत्त प्लंबरने उलट एक्झॉस्ट फॅनची नळी नीट बसवून दिली, कारण पार्क होममध्ये वाफ बाहेर गेली नाही तर भिंतींना आतून ओल धरते.

पहिला हिवाळा निभावला. दुसरा कठीण गेला. पार्कमध्ये नळाचा गॅस नाही. प्रोपेनचे 47 किलोचे लाल सिलिंडर घराबाहेर जोडीने उभे असतात, आणि त्यांची किंमत 2022 मध्ये भराभर वाढली. विजेसाठी देशातल्या बहुतेक घरांना सरकारकडून 400 पौंडांची सवलत थेट बिलात मिळाली, परंतु आमचे बिल वीज कंपनीकडून न येता मालकाकडून येत असल्याने ती आमच्यापर्यंत पोहोचली नाही. पार्क होमधारकांसाठी वेगळा ऑनलाइन अर्ज 27 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाला, म्हणजे थंडीचा कडाका ओसरत आल्यावर. येथील अनेकांकडे संगणक नाही. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर फॉर्म भरण्याचेच काम केले असल्याने लॅपटॉप घेऊन घरोघर बसले आणि दोन आठवड्यांत 17 घरांचे अर्ज भरले. पैसे पुढे कौन्सिलमार्फत आले. या निमित्ताने मी पार्कमधल्या जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले, आणि कोणाची गटार तुंबते, कोणाच्या दारापुढचा दिवा वर्षभर बंद आहे, हे सर्व ऐकले.

त्या सुमारास पिच फीचा प्रश्नही सुरू झालेला होता. जानेवारी 2022 मध्ये फी 6 टक्क्यांनी वाढून 222 पौंड 60 पेन्स झाली होती आणि आम्ही ती निमूटपणे भरली. नोव्हेंबर 2022 मध्ये नवी नोटीस आली. त्या काळी वाढ आरपीआय या किरकोळ किमतींच्या निर्देशांकावर ठरत असे, आणि ऑक्टोबर 2022 चा तो आकडा 14.2 टक्के होता. नवी फी 254 पौंड 21 पेन्स. अनेकांची पेन्शन सीपीआय या सहसा कमी असणाऱ्या ग्राहक किमतींच्या निर्देशांकावर वाढत होती आणि पिच फी आरपीआयवर, ही तफावत पार्क होमधारक अनेक वर्षे मांडत होते. पुढे 2 जुलै 2023 पासून कायदा बदलून पिच फीसाठीही सीपीआय आला, पण आमच्या नोटिशीला तो लागू नव्हता.

वाढीची टक्केवारी कायद्यातली होती, म्हणून केवळ ती जास्त आहे असे म्हणून उपयोग नव्हता. पार्क होमधारकांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसला फोन केला तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. निर्देशांकाएवढी वाढ योग्यच आहे असे कायदा गृहीत धरतो, परंतु पार्कची अवस्था खालावली असेल किंवा सोयी कमी झाल्या असतील तर ते गृहीतक बाजूला ठेवता येते. आणि वाढ मान्य नसेल तर जुनीच फी वेळेवर भरत राहायची. मग ठरलेल्या मुदतीत ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, अर्ज करण्याची जबाबदारी मालकाची. वाढीव रक्कम भरायला सुरुवात केली तर ती संमती मानली जाण्याचा धोका असतो. ही दुसरी गोष्ट मी त्याच संध्याकाळी सर्वांना सांगितली. तोवर नऊ घरांनी वाढीला संमती देणाऱ्या फॉर्मवर सही करून दिली होती.

डिसेंबर 2022 पासून मी एक वही ठेवली. आतल्या रस्त्यावरचे खड्डे, बंद पडलेले दिवे आणि पावसात वर येणारे गटाराचे पाणी यांची तारखेसह नोंद केली. प्रत्येक छायाचित्रात प्रमाण कळावे म्हणून एक लाकडी पट्टी ठेवली. यांचे म्हणणे होते की या वयात मालकाशी वैर घेऊ नये, आणि त्यांची भीती मला समजत होती, कारण माझ्या आईनेही वडिलांना हेच सांगितले होते. मार्चमध्ये मालकाने ट्रायब्युनलकडे अर्ज केला. त्याच महिन्यात आम्ही रहिवासी संघ स्थापन केला. संघाला कायदेशीर मान्यता हवी असेल तर किमान निम्म्या घरांचे सदस्यत्व लागते आणि एका घरामागे एकच सदस्य मोजला जातो, म्हणजे आम्हांला 21 घरे हवी होती. 26 मिळाली. लॅपटॉप घेऊन केलेल्या फेऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता.

फर्स्ट-टियर ट्रायब्युनलच्या प्रॉपर्टी चेंबरचे, म्हणजे मालमत्तेचे वाद पाहणाऱ्या शाखेचे, काम न्यायालयापेक्षा साधे असते, आणि वकिलाशिवाय उभे राहता येते. दोन्ही बाजूंनी लेखी निवेदने द्यायची, पुरावे पृष्ठक्रमांक घालून एका बाडात लावायचे, आणि त्याच्या प्रती समोरच्यालाही पाठवायच्या. आमचे बाड 118 पानांचे झाले. सप्टेंबर 2023 मध्ये दोन सदस्य पार्क पाहायला आले. त्यांनी आमच्याशी किंवा मालकाच्या प्रतिनिधीशी प्रकरणावर चर्चा केली नाही. फक्त दाखवलेल्या जागा शांतपणे पाहिल्या, गटाराचे झाकण उघडायला सांगितले आणि दिव्याचे खांब मोजले. दुपारी जवळच्या गावात सुनावणी झाली. मला विचारण्यात आले की हे खड्डे मागच्या आढाव्यानंतर पडले आहेत, की पूर्वीपासूनच होते? या प्रश्नावर आमची बाजू अर्धवट ठरली. रस्त्याची जुनी छायाचित्रे आमच्याकडे नव्हती, त्यामुळे रस्ता त्या काळातच खालावला हे सिद्ध करता आले नाही. गटार आणि दिवे यांबद्दल मात्र रहिवाशांची तारखा असलेली पत्रे होती, आणि ती मान्य झाली.

ऑक्टोबरमध्ये लेखी निर्णय आला. वाढ 14.2 ऐवजी 9 टक्के ठरली आणि फी 242 पौंड 63 पेन्स झाली. दहा महिन्यांचा फरक, सुमारे 200 पौंड, आम्ही एकरकमी भरला. महिन्याला 11 पौंड 58 पेन्स वाचले, आणि एवढ्यासाठी वर्षभर कष्ट घेतले का, असे मला काहींनी विचारले. परंतु पिच फीची प्रत्येक नवी वाढ मागच्या फीवर मोजली जाते, त्यामुळे ती रक्कम आम्ही येथे राहू तितकी वर्षे दरमहा वाचणार आहे. शिवाय निर्णयानंतर गटार साफ झाले आणि सहा नवे दिवे लागले. मालकाचा प्रतिनिधी आता संघाच्या बैठकीला येतो. आमच्यात स्नेह नाही, पण पत्राला उत्तर मिळते.

गेल्या वर्षी मी मुलीला सर्व फाइल दाखवली. तिचे वय 41 आहे. आमच्यानंतर हे घर तिला मिळेल आणि ते विकण्याचा हक्कही मिळेल, परंतु ती आमच्याबरोबर राहत नसल्यामुळे तिला येथे राहण्याचा हक्क मिळणार नाही. विकेपर्यंत पिच फी भरावी लागेल आणि विकल्यावर कमिशनही द्यावे लागेल. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आई, मग तुला हॅरोचं घर विकल्याचा पश्चात्ताप होतो का?" मी खिडकीकडे पाहिले. हे उतारावरून काठी न घेता खाली उतरून समोरच्या आजींना वर्तमानपत्र द्यायला चालले होते. मी तिला नाही म्हणून सांगितले, आणि कमिशनच्या पानावर खूण करून ठेवायला सांगितली.

नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा नोटीस आली. ऑक्टोबरचा सीपीआय 2.3 टक्के होता. मागची फी 253 पौंड 79 पेन्स होती, त्यावरून मी पेन्सिलीने हिशेब केला आणि 259 पौंड 63 पेन्स हा आकडा बरोबर निघाला. त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मी पार्कमधून एक फेरी मारली आणि दिवे मोजले. सर्व लागलेले होते. घरी येऊन मी फॉर्मवर सही केली.